१८४० आणि १८६२ चे रुपये : डाय व्हरायटी शोधताना नेमकं कुठे बघायचं?

कलदार_शोधक

नमस्कार मंडळी. ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांचा संग्रह टांकसाळ आणि वर्षवार लावून झाला आहे. आता त्यातल्या बारीक डाय व्हरायटी, म्हणजे छाप उमटवणाऱ्या पोलादी ठशांमधल्या (डायमधल्या) फरकांमुळे नाण्यांत पडलेले भेद, शोधायच्या आहेत. माल असा : १८४० चे ३० रुपये, १८६२ चे ६८, १८७७ ते १९०१ मधले साधारण ९०, सहाव्या जॉर्जचे १९४० ते १९४५ चे काही, शिवाय पाव आणे आणि भोकाचे पैसे. हाताशी १० पट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा, फोन आणि एक टेबल लॅम्प आहे.

नेमके प्रश्न असे. सुरुवात कोणत्या गठ्ठ्यापासून करावी? प्रत्येक नाण्यावर कोणत्या जागा बघाव्यात? १८६२ च्या पाच रुपयांवर 'क्वीन' ची अक्षरं उजवीकडे दुहेरी दिसतात, पाचही नाण्यांवर दिशा एकच आहे. हे डबल्ड डाय म्हणायचं का? एका रुपयावर तारखेखाली दोन ठळक टिंबं आणि बाजूला तिसरं अगदी बारीक दिसतं, ते मोजायचं की नाही? बरीच नाणी काळवंडलेली आहेत. पुसल्यावर बारकावे जास्त दिसतील का?

भिंगाखाली

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत आधी : पुसू नका. चिंच, राख, रांगोळी, खाण्याचा सोडा, पेस्ट, यातलं काहीही नाही. तुम्हाला जे शोधायचं आहे ते केसाएवढ्या जाडीचं असतं आणि घासल्यावर सर्वांत आधी तेच जातं. चिकटपट्टीचा डिंक किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटातला हिरवट चिकटा असेल तर काचेच्या भांड्यात शुद्ध ॲसिटोन घेऊन नाणं त्यात १० मिनिटं ठेवा, दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधून बुचकळून काढा आणि आपोआप वाळू द्या. खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको. चांदीचा काळा थर ॲसिटोनने जात नाही आणि तो घालवायचीही गरज नाही. उलट काळ्या पार्श्वभूमीवर उठावाच्या कडा जास्त स्पष्ट दिसतात.

आता ती पाच नाणी. तुमच्या वर्णनावरून तरी ते डायमधलं दुहेरीपण वाटत नाही. फरक नीट समजून घ्या, कारण या छंदात सर्वाधिक फसगत इथेच होते.

कामाचा डाय बनवताना उठावदार हब (नक्षीचा मूळ ठसा) पोलादात दाबतात. जुन्या पद्धतीत एका दाबात पूर्ण खोली मिळत नसे. मधे डाय तापवून मऊ करायचे आणि पुन्हा हब दाबायचे. दुसऱ्या वेळी हब किंचित फिरून बसला की डायमध्येच दोन प्रतिमा कोरल्या जातात. अशा डायने पाडलेल्या नाण्यावर दोन्ही प्रतिमा गोलसर आणि उठावाच्या असतात, अक्षरांच्या टोकांना दुभंगल्यासारखी खाच पडते आणि अक्षराची एकूण जाडी वाढते. १९५५ च्या अमेरिकन एक सेंटच्या नाण्याचा फोटो एकदा बघून ठेवा. त्यावरचं दुहेरीपण नुसत्या डोळ्यांना दिसतं, म्हणून नजर तयार करायला तो उत्तम नमुना आहे.

दुसरा प्रकार छापतानाच्या धक्क्याचा. डाय पकडीत सैल असला तर छाप पडून झाल्यावर तो नाण्यावरून जरासा घसरतो आणि अक्षराची एक बाजू चेपली जाते. तिथे सपाट, चकचकीत, बुटकी पायरी तयार होते. खाच पडत नाही. मूळ अक्षर अरुंद होतं, कारण ती पायरी त्याच्याच धातूतून झालेली असते. त्यामुळे एक मोजमाप पुरेसं आहे : त्याच प्रकारच्या साध्या नाण्यावरच्या अक्षराच्या दांड्याची जाडी आणि या अक्षराची पायरीसकट जाडी फोटोत ताडून बघा. एकूण जाडी तेवढीच राहिली आणि वरचा सपाट माथा बारीक झाला, तर तो धक्का. एकूण जाडीच वाढली आणि टोकं दुभंगली, तर पुढे तपासायला हरकत नाही.

तिसरा प्रकार झिजलेल्या डायचा. हजारो नाणी पाडून डायच्या कडा बोथट होतात, मग अक्षरं काठाच्या दिशेने फुगतात आणि धूसर दुहेरी रेघ दिसते. अशा नाण्यावर मोकळ्या जागेत काठाकडे पसरलेल्या बारीक लाटा जवळजवळ नेहमीच सापडतात.

पाचही नाण्यांवर दिशा एकच आहे हा पुरावा वाटतो खरा, पण एकाच सैल यंत्रातून निघालेली नाणीही तशीच दिसतील. म्हणून दोन गोष्टी तपासा. दुहेरीपणाचं अंतर पाचही नाण्यांवर तंतोतंत सारखं आहे का? आणि पाचही नाणी एकाच डायची आहेत, हे दाखवणारी दुसरी एखादी खूण (तडा, पॉलिशची रेघ) आहे का? डायमध्ये असलेली गोष्ट प्रत्येक नाण्यावर त्याच जागी, त्याच मापाने उमटते. धक्क्याचं माप नाण्यागणिक बदलतं.

प्रकाशाबद्दल : टेबल लॅम्प असेल तर एकच दिवा ठेवा आणि तो नाण्याच्या पातळीपासून २० ते ३० अंशांवर, बाजूने येऊ द्या. दिवा हलवू नका, नाणं फिरवा, पूर्ण एक फेरा. भिंगाभोवती गोल एलईडी असलेली साधनं या कामाला नकोत. चारी बाजूंनी उजेड आला की सावली मरते, आणि प्रत्येक एलईडीचं वेगळं प्रतिबिंब पडून साधं अक्षरही दुहेरी भासतं. पहिली पाहणी ५ ते ७ पट भिंगाने करा. १० पट फक्त संशयाच्या जागेसाठी. ४० पट मायक्रोस्कोपखाली प्रत्येक नाण्यावर काहीतरी 'सापडतं', आणि त्यातलं बहुतेक ओरखड्याच्या लायकीचं असतं.

ढब्बू_पैसा

वरच्या उत्तराशी सहमत. मी फक्त गठ्ठ्यांबद्दल लिहितो.

१८४० आणि १८६२ पासूनच सुरुवात करा, कारण या दोन्ही तारखा गोठवलेल्या आहेत. १८४० ही तारीख पुढे वीसेक वर्षं रुपयांवर तशीच राहिली आणि १८६२ ही तारीख १८७४ पर्यंत चालली. म्हणजे एकाच तारखेखाली अनेक वर्षांचे, वेगवेगळ्या टांकसाळींचे, वेगवेगळ्या मूळ साच्यांचे डाय दडलेले आहेत. वर्ष वाचून काही कळत नाही. वर्ष, टांकसाळ, डाय हे सगळं नक्षीतूनच काढायचं.

१८४० : पहिली वाटणी लेखावरून. 'व्हिक्टोरिया क्वीन' हे शब्द डोक्यावरून सलग गेले आहेत, की डोक्याने दोन भाग केले आहेत (डावीकडे व्हिक्टोरिया, उजवीकडे क्वीन)? हे दोन मूळ प्रकार आहेत, त्यांना व्हरायटी म्हणू नका. दुभंगलेल्या लेखाचे रुपये वेगळे काढा आणि मागच्या बाजूच्या पुष्पचक्रातली फळं मोजा. २८, ३४ आणि ३५ फळांचे साचे आहेत. नाणं हातात धरून मोजू नका, आकडा दर वेळी वेगळा येतो. फोटो मोठा करा, खालच्या गाठीपासून सुरुवात करा, डावी फांदी संपवून आकडा लिहा, मग उजवी. प्रत्येक फळावर रंगीत ठिपका ठेवत जा. आतल्या बाजूची, पानाला चिकटलेली फळं हमखास सुटतात.

चेहऱ्याच्या बाजूला मानेच्या कापावर 'डब्ल्यू.डब्ल्यू.' ही नक्षी कोरणाऱ्या विल्यम वायनची आद्याक्षरं बघा : उठावाची की खोलगट, आणि सोबत खोलगट 'एस' आहे का. १८३५ चा चौथ्या विल्यमचा रुपया कधी हाती आला तर तिथेही हीच जागा. त्यावर 'आर.एस.' किंवा 'एफ' मिळतं, काहींवर काहीच नसतं. 'एफ' उठावाचा आणि खोलगट असे दोन्ही आहेत.

१८६२ : इथे चार जागा ठरलेल्या.

एक, राणीच्या पोशाखाचा पुढचा पट्टा. त्यात उभे कप्पे किती, आणि सर्वांत खालचा कप्पा पूर्ण की कापलेला, यावरून अर्धपुतळ्याचे प्रकार ठरतात. दोन, मागच्या बाजूच्या नक्षीतलं सर्वांत वरचं फूल. उमललेलं असेल तर त्याच्या बुडाजवळच्या दोन मोठ्या पाकळ्या लांब आणि खाली वळलेल्या असतात. मिटलेलं असेल तर त्या आखूड आणि आडव्या असतात. फूल झिजलं असलं तरी पाकळ्यांचा कोन टिकतो, म्हणून मी आधी पाकळ्याच बघतो. तीन, तारखेखालची टिंबं. चार, 'वन' या शब्दाच्या वरची टिंबं. मुंबई टांकसाळीने गोठलेल्या तारखेच्या काळात रुपया कोणत्या वर्षी पडला ते या टिंबांनी दाखवलं आहे, त्यामुळे एकेका टिंबाला किंमत आहे.

१८७७ पासून 'क्वीन' च्या जागी 'एम्प्रेस' येतं आणि तारखा खऱ्या आहेत. तिथे मागच्या बाजूच्या खालच्या फुलात डोकावा. मुंबईचा 'बी' उठावाचा किंवा खोलगट सापडेल, कलकत्त्याचा 'सी' खोलगट. अक्षरच नाही असेही रुपये आहेत. खोलगट 'बी' मळाने भरला की नाहीसा होतो, म्हणून 'चिन्ह नाही' असं लिहिण्याआधी नाणं किमान चार दिशांनी उजेडात फिरवा.

पाव आण्याचा गठ्ठा भिंगाआधी काट्यावर घाला. १९०६ चा पाव आणा तांब्यातही आहे आणि काशातही. तांब्याचा ६.४७ ग्रॅमच्या आसपास, काशाचा पातळ आणि ४.८६ च्या आसपास. ही डाय व्हरायटी नाही, धातूबदल आहे, पण वजन न करता डब्यात पडून राहिला तर कधीच कळणार नाही.

भोकाच्या पैशात (१९४३ ते १९४७) मुकुटाचा आकार आणि अक्षरांची उंची बघा. सहाव्या जॉर्जच्या रुपयांत लाहोरचा 'एल' शोधा, तो १९४४ आणि १९४५ वर मिळतो. हा गठ्ठा छोटा आहे, एका बैठकीत संपेल.

भिंगाखाली

ढब्बू_पैसा यांनी 'मूळ प्रकार' आणि 'व्हरायटी' वेगळे ठेवले ते फार बरं केलं. १९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला आणि १९१२ मध्ये तो नव्याने कोरला गेला. त्याला अनेक जण 'डाय एरर' म्हणतात. तो आराखड्यातला बदल आहे. डायमधली चूक नव्हे, एखाद्या डायची खासियतही नव्हे. यादीत तीन थर वेगळे ठेवा : आराखडा किंवा मूळ प्रकार, मग मूळ साच्याचा फरक (फळं, कप्पे, फूल), मग एकेका कामाच्या डायची खूण (पुन्हा ठोकलेला आकडा, तडा, पॉलिश).

कलदार_शोधक

दोघांचे आभार. १८४० चे ३० रुपये मोजले. सगळे दुभंगलेल्या लेखाचे आहेत. ३४ फळांचे १९, २८ फळांचे ७, ३५ फळांचे ३, आणि एका रुपयावर ३३ येतात. तीनदा मोजले, ३३ च.

'क्वीन' ची पाच नाणी : पायरी सपाट आहे, खाच नाही, अंतर प्रत्येक नाण्यावर कमीजास्त आहे. सोडून दिली.

नवीन सापडलेलं : १८६२ च्या एका रुपयावर काठाला १२ वाजता धातूचा फुगवटा आहे, काठाला चिकटलेला. हे 'कड' म्हणजे डायचा तुकडा पडल्याची खूण का? वजन ११.८३ ग्रॅम. आणि तीन रुपयांवर चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत वेड्यावाकड्या उठावाच्या रेघा आहेत.

काठावरची_नक्षी

फुगवट्याचं आधी. चांदीच्या रुपयाचं ठरलेलं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. वापरलेलं नाणं त्याहून हलकं भरायला हवं. तुमचं ०.१७ ग्रॅमने जड आहे. डायचा तुकडा उडाला तर त्या खड्ड्यात नाण्याचाच धातू शिरतो, वजन वाढत नाही. जादा वजन बाहेरून आलं आहे. त्यातून जागा १२ वाजताची, म्हणजे राणीचं डोकं सरळ राहील अशा बेताने कडी लावायची जागा. हा रुपया कधीतरी हारात ओवलेला होता आणि ते डाखाचे अवशेष आहेत. काठ बाजूने बघा, कानशीचे आडवे ओरखडे आणि दाते बुजलेले दिसतील. डाखाचा रंगही चांदीपेक्षा थोडा वेगळा असतो.

खरा 'कड' ओळखायची आणखी एक खूण : नाणं उलटून नेमक्या त्याच जागेच्या मागे बघा. पुढच्या खड्ड्याकडे धातू गेल्यामुळे मागच्या बाजूची नक्षी तिथे अपुरी, पसरट उमटलेली असते. मागची नक्षी धडधाकट असेल तर संशय घ्या.

सराफाचे ठसे आणि परखचे (चांदी खरी का ते बघायला मारलेले) छेद याच जातीचे. ते टांकसाळीबाहेरचे, नंतरचे. ते खोलगट असतात आणि कडेला धातू वर ढकललेला असतो. डाय व्हरायटीच्या यादीत त्यांना जागा नाही. वेगळा रकाना करा.

मोकळ्या जागेतल्या रेघांबद्दल. उठावाची रेघ म्हणजे डायमध्ये खाच होती. खोलगट रेघ म्हणजे नाण्यावर ओरखडा. ही पहिली चाळणी. उठावाच्या रेघांत तीन शक्यता आहेत. तडा वेडावाकडा जातो, बहुधा काठापासून निघतो आणि अक्षर किंवा चेहरा लागला तरी थांबत नाही, त्यांच्यावरून जातो. पॉलिशच्या रेघा बारीक, समांतर, पुष्कळ असतात आणि नक्षीच्या कडेला येऊन थांबतात. कारण डायमध्ये मोकळी जागा उंच आणि नक्षी खोल असते, घासायचा दगड खोल भागात पोचतच नाही. तिसरी शक्यता क्लॅशची : मधे चकती न येता दोन्ही डाय एकमेकांवर आदळतात आणि एकीची बाह्यरेषा दुसरीवर उमटते. चेहऱ्यासमोरच्या रेघा वाकड्या असल्या तरी 'काहीतरी आकार' वाटत असेल तर क्लॅशचा विचार आधी करा.

क्लॅश तपासायची रीत. दोन्ही बाजूंचे फोटो एकाच उंचीवरून, नाणं चौकटीच्या मधोमध ठेवून घ्या. गिम्पसारख्या प्रोग्रॅममध्ये मागच्या बाजूचा फोटो आडवा उलटा करा (आरशात दिसतो तसा), चेहऱ्याच्या फोटोवर दुसरा थर म्हणून ठेवा, पारदर्शकता ५० टक्के करा आणि काठ जुळवा. दोन्ही बाजूंचं डोकं (नक्षीचं वरचं टोक) एकाच दिशेला नसेल तर तेवढ्या अंशांनी फिरवा. रेघा मागच्या नक्षीच्या बाह्यरेषेवर पडल्या तर प्रश्न सुटला. एखाद्या ठिकाणी जुळल्यावर समाधान मानू नका. निदान तीन ठिकाणी, तेही एकमेकांपासून लांब, जुळायला हवं.

ढब्बू_पैसा

३३ फळांच्या रुपयाबद्दल : नवीन साचा सापडला असं इतक्यात धरू नका. तुमच्या ३४ च्या गठ्ठ्यातला सर्वांत कमी झिजलेला रुपया निवडा. दोघांचेही फोटो शेजारी ठेवून फळाफळाची जोडी लावा. ३४ पैकी नेमकं कोणतं फळ नाही ते सापडलं की त्या जागेकडे बघा. शेजारची पानंही पुसट असतील तर झीज. पानं तीक्ष्ण आणि फक्त फळ गायब असेल तर डायमध्ये तेलमाती भरली होती किंवा डाय घासून काढताना ते उथळ फळ उडालं. भरलेल्या डायच्या जागी बहुधा पुसटसा उंचवटा राहतो, कडा मऊ असतात. घासलेल्या डायमध्ये आजूबाजूच्या सगळ्याच उथळ गोष्टी बारीक झालेल्या असतात : पानांचे देठ, शिरा. अमेरिकेचं १९३७ चं 'तीन पायांच्या बायसन' चं निकेल (पाच सेंटचं नाणं) याच कारणाने झालं. डाय जास्त घासला आणि एक पाय गेला.

डाय घासल्यामुळे गेलेलं फळ ही खरी नोंद आहे, पण ती डायची अवस्था म्हणून. जोड्या लावल्यावर उरलेली सगळी फळं ३४ च्या जागांवर बसत नसतील, फांदीचं वळण वेगळं असेल, तरच साचा वेगळा.

कलदार_शोधक

गायब फळ सापडलं. उजव्या फांदीवर आतल्या बाजूला, साधारण ४ वाजता. शेजारच्या पानाच्या शिराही नाहीत, फांदीचं वळण तेच आहे. म्हणजे ३४ च. कडी लावलेल्या रुपयाच्या काठावर कानशीचे ओरखडे आहेत, मागची नक्षी पूर्ण आहे. तोही निकालात निघाला.

तीनपैकी एका नाण्यावरच्या रेघा मागच्या नक्षीशी चार ठिकाणी जुळल्या. उरलेल्या दोन नाण्यांवरची रेघ मात्र काठापासून निघून नाकाच्या टोकावरून जाते आणि दोन्हींवर एकाच जागी आहे. एकीवर लांब, एकीवर छोटी.

तिसऱ्या टिंबाचं मात्र ठरत नाही.

भिंगाखाली

टिंबाचं बघू. पंचाने (डायवर खूण ठोकायच्या टोकदार हत्याराने) ठोकलेलं टिंब गोल असतं, माथा घुमटासारखा, आणि त्याच नाण्यावरच्या इतर टिंबांच्या जवळपास तेवढंच उंच. टिंबांमधलं अंतर सारखं असतं आणि ती तारखेच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना समतोल बसवलेली असतात. तुमच्या नाण्यावर दोन ठळक टिंबं तारखेच्या मधोमध समतोल असतील आणि तिसरं एका बाजूला लटकत असेल, तर ते बहुधा डायवरचा टवका किंवा गंजाचा खड्डा. गंजलेल्या डायचे उंचवटे एकटे येत नाहीत. आजूबाजूच्या मोकळ्या जागेत आणखी बारीक पुरळ शोधा. तीन टिंबांची रचना धरून समतोल बसत असेल, तर तिसरं टिंब कमी खोल ठोकलेलं असू शकतं. तेव्हा निर्णय एका नाण्यावर घेऊ नका. ६८ मधून त्याच अर्धपुतळ्याची, त्याच फुलाची, तारखेखाली दोन आणि तीन टिंबांची सगळी नाणी काढा आणि आकड्यांशी टिंबांची जागा ताडा. टिंबं दर डायवर हाताने ठोकलेली असतील तर त्यांची जागा डायगणिक थोडी सरकते, तीच तुमची ओळखखूण होते.

कचरा आहे का हे बघायला सुई किंवा टोकदार काही वापरू नका. डिस्टिल्ड पाण्यात नाणं एक दिवस भिजवा, मग मऊ सुती कापडावर ठेवून टिपा, घासू नका. मळ असेल तर सुटेल किंवा निदान आकार बदलेल.

याच जागी एक इशारा. जादा टिंब दुर्मीळ वर्ष दाखवतं म्हणून ते नंतर कोरून बनवलेलं किंवा डाखाचा थेंब टाकून बसवलेलंही आढळतं. कोरून काढलेल्या टिंबाभोवती जमीन खरवडलेली असते, बाजूने उजेड टाकला की चकाकी तुटते. वरून बसवलेल्या टिंबाच्या बुडाशी सांधा दिसतो.

काठावरची_नक्षी

एकाच जागी दोन नाण्यांवर तडा, ही आतापर्यंतच्या तुमच्या शोधातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. दोन्ही एकाच डायची आहेत, हे आता दाखवता येईल. आखूड तडा आधीचा, लांब नंतरचा. तडा वाढतो, आक्रसत नाही. त्या दोघांना नाकाच्या टोकाव्यतिरिक्त आणखी दोन खुणांनी बांधा, म्हणजे आकड्यांचा कल, टिंबांची जागा वगैरे. मग बाकीच्या ६६ मध्ये त्याच खुणा शोधा. तडा न गेलेली, त्याच डायची आणखी आधीची नाणीही निघू शकतात. मागच्या बाजूचा डाय दोन्हींवर एकच आहे का तेही बघा. पुढचा डाय तोच आणि मागचा बदललेला असू शकतो, कारण दोन डाय एकाच वेळी बाद होत नाहीत.

नोंद ठेवायला साधी वही पुरते, रकाने मात्र पहिल्या दिवशी ठरवा : अनुक्रमांक, वजन, व्यास, पुतळा, फूल, वरची टिंबं, खालची टिंबं, दोन्ही बाजूंच्या डोक्यांमधला कोन, खुणा. खुणेची जागा घड्याळाच्या काट्याने लिहा आणि जवळच्या अक्षराचा संदर्भ द्या, जसं 'काठ ८ वाजता, तडा, नाकापर्यंत, ६ मिमी'. 'चेहऱ्याजवळ रेघ' अशी नोंद महिन्याभराने तुम्हालाच वाचता येणार नाही. फोटोच्या फाइलला अनुक्रमांकाचंच नाव द्या, पुढची बाजू अ, मागची ब.

फोन स्टँडला बांधा, उंची बदलू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही, फोकस अक्षरांच्या माथ्यावर हाताने बसवा. उजेड नेहमी त्याच बाजूने. दोन नाण्यांचे फोटो वेगळ्या बाजूच्या उजेडात घेतले तर सावलीचा फरकच व्हरायटी वाटू लागतो. तपासताना दोन फोटो शेजारी ठेवण्यापेक्षा एकावर एक ठेवून पटकन आलटून पालटून दाखवा. जे हललं तिथे फरक आहे, डोळा लगेच तिकडे जातो.

पाकिटं पीव्हीसीची नकोत. पुठ्ठ्याची मायलर खिडकीवाली चौकट घ्या. स्टेपलर मारल्यावर पिनांची टोकं पकडीने चपटी करा, नाहीतर शेजारच्या चौकटीतल्या रुपयावर ओरखडा पडतो.

कलदार_शोधक

मागच्या बाजू ताडल्या. आखूड तड्याच्या रुपयावर तारखेखाली एक टिंब, लांब तड्याच्या रुपयावर दोन. म्हणजे मागचा डाय वेगळा. पुतळा आणि फूल दोन्हींवर एकाच प्रकारचं आहे.

ढब्बू_पैसा

मग चेहऱ्याचा तोच डाय एक टिंबाच्या डायसोबत वापरून पुढे दोन टिंबांच्या डायसोबत चालवला गेला, असा क्रम तड्यावरून निघतो. टिंबांच्या क्रमाशीही तो जुळतो. या दोन नाण्यांचे एकाच उजेडातले चार फोटो इथे टाका, आणि नाकाशेजारचा तुकडा वेगळा मोठा करून. बाकीच्या ६६ मध्ये आता आधी एक आणि दोन टिंबांचेच रुपये काढा आणि काठ ८ वाजताची जागा बघा, बाकी कुठेही नजर न टाकता. एका जागेसाठी ६६ नाणी बघायला अर्धा तास पुरतो.